थंड पाणी, उलटलेली कयाक आणि बोटांची दहा मिनिटं

पाणकावळा (सिअ‍ॅटल)

मंडळी, इथे समुद्रात कयाक घालणारे पाच-सहा जण तरी आहेत हे मागच्या एका धाग्यावरून कळलं होतं. हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचला तरी हरकत नाही, फजिती भरपूर आहे.

काल मी पाण्यात पडलो. म्हणजे कयाक उलटली, रोल (आत बसल्या बसल्या वल्ह्यानं कयाक परत सरळ करणं) फसला, बाहेर यावं लागलं, आणि परत आत बसून पाणी उपसून वल्हं हातात घेईपर्यंत चौदा मिनिटं गेली. तलावात हेच सगळं मी साडेतीन मिनिटांत करतो. मधली साडेदहा मिनिटं कुठे गेली याचा हिशोब कालपासून लावतोय.

बेत नेहमीचा होता. गोल्डन गार्डन्सच्या वाळूवरून निघायचं, शिलशोल बे ओलांडून वेस्ट पॉइंटच्या दीपगृहापर्यंत जायचं आणि परत. एप्रिलचं सुरेख ऊन, हवा १७ अंश, पाणी ९. प्युजेट साउंडचं पाणी भर ऑगस्टातही १३च्या आसपासच रेंगाळतं, त्यामुळे ऊन बघून कपडे ठरवायचे नाहीत हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट, होता अंगात, तेवढी अक्कल आहे. वारा उत्तरेकडून, आणि ओहोटीचं पाणी उत्तरेकडे निघालेलं. वारा नि पाणी एका दिशेनं चालले की लाटा लांबट, सुस्त असतात. समोरासमोर आले की त्याच लाटा आखूड, उभ्या आणि चिडक्या होतात. दीपगृहापुढच्या उथळावर नेमकं तेच चाललं होतं. मित्र दोनशे मीटर पुढे. तेवढ्यात एका मालवाहू जहाजाच्या लाटा आडव्या आल्या. पहिली खालून गेली. दुसरीवर टेकायला वल्हं टाकलं, तर तिथे पाणीच नव्हतं.

रोल दोनदा मारला. पोहण्याच्या तलावात दहापैकी नऊ वेळा येतो. इथे दोन्ही वेळा डोकं आधी वर काढलं, म्हणजे पुन्हा खाली. नाकातून गेलेलं नऊ अंशांचं पाणी कपाळात खिळा ठोकावा तसं लागतं. स्कर्टची (कमरेभोवती बसणारं, कॉकपिट म्हणजे बसायची जागा बंद करणारं झाकण) दोरी ओढली, बाहेर आलो.

मग फुगा. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: पॅडल फ्लोट म्हणजे वल्ह्याच्या पात्यावर चढवायची, तोंडानं फुगवायची पिशवी. कयाक सरळ करायची, वल्हं तिला काटकोनात लावायचं, दांडा कॉकपिटच्या कडेमागे मुठीत, लांबच्या टोकाला फुगा तरंगतोय. मग पाय मारत मागच्या डेकवर पालथं पडायचं, तोंड शेपटाकडे. एक घोटा दांड्यावर अडकवायचा, दुसरा पाय कॉकपिटमध्ये, मग पहिलाही आत, आणि वजन फुग्याच्याच बाजूला ठेवून हळूहळू वळत बूड सीटवर. वाचायला सोपं आहे.

माझ्या पिशवीला दोन कप्पे आणि दोन नळ्या. नळीचं तोंड पिळलं की उघडतं. अंगठा नि तर्जनी नळीवर आहेत हे दिसत होतं, जाणवत नव्हतं. शेवटी दातांनी पिळली. फुंकायला गेलो, तर फुंकायला छातीत श्वास असावा लागतो, आणि मी कुत्र्यासारखा धापा टाकत होतो. एक फुंक आत, दोन धापा बाहेर, मग तोंडावर लाट. एकच कप्पा कसाबसा भरला. पात्यावरचं बकल लागलं असं वाटलं, पण ‘टक’ ऐकू आलं नाही आणि चाचपून बघायला बोटं उरली नव्हती, त्यांच्या काकड्या झाल्या होत्या. अर्धा वर चढलो आणि पिशवी पात्यावरून सुटली. मी परत पाण्यात, आणि कयाकनं जाता जाता आणखी दोन-तीन बादल्या आत घेतल्या.

दुसऱ्यांदा बसलो. पण स्कर्टची पुढची कड कॉकपिटवर ताणून बसवायला दोन्ही अंगठे लागतात. ती बसेना, आणि उपसलेलं पाणी दर लाटेला परत आत. शेवटी मित्र मागे वळला, त्यानं माझी कयाक धरून ठेवली तेव्हा काम झालं. म्हणजे ‘स्वतःची सुटका’ हा शब्द वापरायचाही मला हक्क नाही.

हातमोजे होते. मागच्या कप्प्यात. एकदम कोरडे.

तर प्रश्न: खवळलेल्या थंड पाण्यात तुम्ही नक्की काय करता? व्हिडिओत पाहिलेलं नको, केलेलं सांगा.

चहा_कमी_साखर

वाचूनच हुडहुडी भरली. घरी दाखवलंत का हे?

पाणकावळा

तिनंच ‘लिही’ म्हणून बसवलंय. गाडीवरच्या रॅकची किल्ली सध्या तिच्या पर्समध्ये आहे.

कशाला_ओले_व्हा

मला एक कळत नाही. ज्या होडीतून माणूस सहज पडतो, पडल्यावर परत चढता येत नाही, आणि चढलं तर ती पाण्यानं भरलेली असते, ती होडी विकत का घ्यायची? एवढ्या पैशांत वर्षभर फेरीबोटीनं फिरा की. वर कॉफी मिळते.

पाणकावळा

कॉफी वाईट असते हो तिथली.

भूलवाला (लीड्स)

भूल देणं हा माझा व्यवसाय, कयाकशी संबंध नाही, पोहणं जेमतेम. पण तुमची साडेदहा मिनिटं कुठे गेली ते मी सांगू शकतो.

थंड पाण्यात माणूस आधी ‘गारठून’ मरतो हा समज चुकीचा. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हा प्रकार १-१०-१ असा सोपा करून ठेवलाय. पहिलं मिनिट श्वासाचं. कातडी एकदम गार पडली की आपोआप एक मोठा श्वास आत ओढला जातो आणि मागोमाग धापा. त्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच आटोपू शकतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातापायांची, म्हणजे उपयोगाची हालचाल करता येते तेवढी. आणि एक तास शुद्धीचा, म्हणजे खरा हायपोथर्मिया येऊन भान जाईपर्यंतचा. हे अगदी बर्फाळ पाण्याचे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या ९ अंशांत थोडे सैल धरा, पण क्रम तोच.

आता यातली मेख बघा. ड्रायसूटनं काय वाढतं? शेवटचा तास. तो दोन-तीन तासही होईल. पहिलं मिनिटही बरंच सौम्य होतं, कारण अंगाची कातडी कोरडी राहते. पण मधली दहा मिनिटं हातांची आहेत, आणि हात तुम्ही उघडे ठेवले होते. शरीर काटकसरी आहे. हृदय आणि मेंदू गरम ठेवायला ते हातांचं रक्त आखडून घेतं. बोटं हलवणारे स्नायू कोपराच्या पुढे, कातडीला लागून. ते थंड पडले की मेंदूनं कितीही हुकूम सोडले तरी चिमूट जुळत नाही. तुम्ही हजार डॉलरांच्या सुटात आरामात जिवंत होतात आणि दोन पैशांचं बकल लावू शकत नव्हतात.

पोर्ट्समथचे माइक टिप्टन यांनी या पहिल्या धक्क्यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा सल्ला ज्यावर बेतलाय ती इकडच्या आरएनएलआय या जीवरक्षक नौकांच्या संस्थेची मोहीम साधी आहे: पडलात तर आधी तरंगा. धाप साधारण पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला जाते आणि दोन-तीन मिनिटांत उतरते. तेवढा वेळ कयाकला धरून, लाटेकडे पाठ करून नुसतं थांबायचं. तुम्ही धापेतच फुगा फुंकायला घेतलात. सुरीनं सूप पिण्यासारखं झालं ते.

आणि एक. बाहेर काढलेल्या माणसाला आडवाच ठेवा, लगेच उभा करून चालवू नका. बराच वेळ पाण्यात राहिलेला माणूस सुटका झाल्यावर कोसळू शकतो, कारण पाण्याचा दाब गेला की रक्तदाब घसरतो.

चहा_कमी_साखर

भूलवाले, तुमचे प्रतिसाद वाचून भूल उतरते. वाचनखूण साठवली.

मेनाईची_मैना (अँगलसी, वेल्स)

पाणकावळा, मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. इकडे स्कर्टला स्प्रेडेक म्हणतात, ‘स्कर्ट’ म्हटलं की क्लबातली म्हातारी मंडळी गालातल्या गालात हसतात. आमचं पाणी मार्चमध्ये ७-८ आणि सप्टेंबरात १५-१६. होलीहेडजवळ पेनरिन मॉर नावाची जागा आहे. तिथे भरतीचं पाणी खडकांवरून असं धावतं की समुद्रात नदी वाहतेय असं वाटावं. मी तिथे इतक्या वेळा उलटलेय की सील मला नावानं ओळखत असतील.

माझं मत: तुमची चूक फुगा नीट न लावण्यात नाही, आधी फुगा काढण्यात आहे. मोजा बघू त्यात बारीक बोटांची कामं किती: पिशवी सोडवणं, पात्यावर घालणं, बकल, दोन नळ्या, फुंकणं, परत बंद करणं. एवढं होईस्तोवर कयाक वाऱ्याला आडवी, आणि तुम्ही एका हातानं तिला धरून. फुगा सपाट पाण्यातला, फार तर मध्यम लाटांतला.

मी काय करते ते सांगते. कयाक उलटीच राहू द्यायची. तिच्या बाजूला, तोंड शेपटाकडे, दोन्ही हात कॉकपिटच्या कडांवर. वल्हं एका हाताखाली कडेला दाबलेलं. नाकाला चिमटा. तो लाइफ जॅकेटला दोरीनं बांधलेला असतो, कारण कपाळातला तो खिळा मलाही माहीत आहे. धाप उतरली की एक पूर्ण श्वास, पाय आत आणि कोलांटी, म्हणजे पाण्याखाली आपण सीटवर उलटे बसलो. मांड्या वर टेकवायच्या, घाई न करता वल्हं जागेवर आणायचं आणि रोल. वर आलो की आत पाणी असतंच, कयाक पोट भरलेल्या म्हशीसारखी डुलते, पण तुम्ही बसलेले असता आणि वल्हं हातात असतं. पुढचं उपसणं लाटांच्या बाहेर जाऊन करायचं.

रोल बिलकूल नसेल तर घोडेस्वारी. शेपटाकडून पालथं चढायचं, दोन्ही बाजूंना पाय पाण्यात सोडून घसरत पुढे यायचं, आधी बूड सीटमध्ये, मग पाय. कॉकपिट लांबट असेल तरच जमतं. लाटांत मला दहापैकी चारदा जमतं, आणि उरलेल्या सहा वेळा बघणाऱ्यांची चांगली करमणूक होते.

पाणकावळा

मैनाताई, आदर ठेवून विचारतो. ज्या समुद्रात माझा रोल दोनदा फसला, त्याच समुद्रात, आता आणखी थकलेला मी, पाण्यानं जड झालेली कयाक, तिसऱ्यांदा रोल कसा मारणार? ज्याला येतो त्याला बाहेर यावंच लागत नाही.

मेनाईची_मैना

हा प्रश्न मला वाटतं प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं: पहिला रोल तुम्ही ठरवून मारलेला नसतो. लाटेनं उलटवलं, अर्धा श्वास, वल्हं कुठेतरी, डोकं घाबरलेलं. दुसऱ्या खेपेला तुम्ही स्वतः निवडलेल्या क्षणी, भरलेल्या छातीनं, वल्हं जागेवर लावून उलटे असता. माझ्या बाबतीत ते दोन वेगळे रोल आहेत.

आणि यावर तोडगाही आहे. दोन्हीची जोडी लावा. फुगा पात्यावर चढवा आणि मग पाण्याखालून आत बसून रोल मारा. फुग्याच्या उचलेवर वाईटातला वाईट रोलही येतो. डेकवर पालथं पडणं, घोटा अडकवणं, वळणं हे सगळं वगळलं जातं, आणि लाटेला तुम्ही उंच सापडतच नाही.

फुगाही फुगवायचा नको. फोमचा ठोकळा मिळतो, फुंकावं लागत नाही. तो मागच्या डेकवर सुरकुतल्या पोत्यासारखा दिसतो आणि जागा खातो, पण थंडीत त्याच्यासारखा मित्र नाही.

उलांडी (मालवण)

वा! इतका वेळ फुगा-फुगा वाचतोय आणि मनात येतंय की ही तर आपली उलांडी. आमच्याकडच्या लहान होड्यांना एका अंगाला दोन आडव्या काठ्या आणि टोकाला लाकडाचा ओंडका असतो, म्हणून नाव घेतलंय तेच. होडी अरुंद असली तरी कलंडत नाही. तुम्ही लोक उलटल्यावर उलांडी लावता, आमचे आजे उलटायच्या आधी लावून ठेवत, एवढाच काय तो फरक.

एक सांगतो, उलांडीवाल्या होडीत वजन टाकायचं ते ओंडक्याच्या बाजूला. विरुद्ध बाजूला टाकलंत की ओंडका हवेत आणि सगळे पाण्यात. तुमच्या फुग्यालाही तेच लागू दिसतंय.

आमच्या पाण्यात थंडीचा प्रश्न नाही, पर्यटकांना मी वर बसायच्या प्लॅस्टिकच्या कयाकमधून फिरवतो, उलटली तर सरळ करून बसायचं. पण पावसाळ्याच्या तोंडावर वारा फिरला की आमचीही तारांबळ उडते. माझी आजी म्हणायची, दर्याक पोहणारो आणि न पोहणारो सारखोच.

नवखी_टोरांटो

लेक ऑंटॅरिओत मे महिन्यात जायचा विचार आहे. ड्रायसूट परवडत नाही. पोहायचा सूट चालेल का? दोरीनं स्वतःला कयाकला बांधून घेतलं तर?

मेनाईची_मैना

पोहायचा नाही, निदान ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा निओप्रीन सूट, वर वाऱ्यापावसाचं जॅकेट, डोक्याला निओप्रीनची टोपी, हातमोजे. आत सुती काही नको, बनियनसुद्धा. पण मे महिन्यात लेक ऑंटॅरिओ भयंकर गार असतं, त्यात हाही अपुराच. मी असते तर जून संपेपर्यंत छोट्या तळ्यात किनाऱ्याला समांतर, कंबरभर पाण्यात राहिले असते. जुना ड्रायसूट बघा. मानेची आणि मनगटांची रबरी पट्टी बदलून मिळते, सूट अर्ध्या किमतीत पडतो. सूट घातल्यावर उकिडवं बसून मानेची पट्टी बोटानं किंचित उघडा आणि आतली हवा जाऊ द्या, नाहीतर पाण्यात पाय वर, डोकं खाली असा फुगा होतो.

स्वतःला बांधायचं नाही! लाटा फुटतात तिथे कयाक दगडासारखी येते, आणि दोरी गळ्यात-पायात गुंतते. तिथे कयाक आणि किनारा यांच्या मधे तर कधीच राहू नका.

पाणकावळा

वल्हं कयाकला बांधायला मात्र माझी हरकत नाही. मोकळ्या पाण्यात वल्हं गेलं की सगळंच गेलं.

मेनाईची_मैना

मी तेही बांधत नाही. वल्हं धरणं ही सवय आहे, दोरी लावली की सवय सुटते. याच्यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, सोडून देऊ.

बखरकार

धाग्याला थोडं इतिहासाचं फोडणीपाणी. ग्रीनलंडचे शिकारी या कयाकचे मूळ मालक. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पोहता येत नसे, आणि आलं असतं तरी त्या पाण्यात उपयोग शून्य. म्हणून बाहेर पडणं हा पर्यायच त्यांनी ठेवला नाही. सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ म्हणजे टोपीसकट अंगरखा, त्याची खालची कड थेट कॉकपिटच्या कडेवर बांधलेली. चेहरा आणि हात सोडून माणूस आणि नाव एकच. रोल किती प्रकारचे, तर वल्ह्यानं, अर्ध्या वल्ह्यानं, भाला फेकायच्या फळीनं, नुसत्या हातानं. कारण उलटलं तेव्हा हातात काय असेल ते सांगता येत नाही. आज तिथे हे खेळ म्हणून होतं आणि तिसाहून अधिक प्रकारांवर गुण देतात.

युरोपियनांपैकी हा रोल पहिल्यांदा १९२७ मध्ये ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटानं साधला असं मानतात. मग इंग्रज संशोधक गिनो वॉटकिन्स १९३०-३१च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या लोकांकडून शिकला आणि तयारही झाला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटा सीलच्या शिकारीला गेला. कयाक उलटी तरंगताना सापडली. विजार आणि पट्टा बर्फाच्या लादीवर. तो सापडलाच नाही. वय २५. उत्तम रोल येणारा माणूस! काहीतरी कारणानं तो कयाकबाहेर होता, आणि बाहेर असलेल्याला रोलचा उपयोग नाही.

भूलवाला (लीड्स)

विजार लादीवर म्हणजे तो पोहत कयाकमागे गेला असावा असं माझ्या व्यवसायाला वाटतं. अर्थात हा निव्वळ तर्क.

कशाला_ओले_व्हा

बखरकार, मी याच्या उलटच धडा घेणार हे माहीत असूनही लिहिलंत.

एक गंभीर प्रश्न मात्र विचारतो. मदत कधी मागायची? आधी परत बसून बघायचं की आधी रेडिओ?

पाणकावळा

माझा रेडिओ छातीवर होता. मी वापरला नाही. लाज वाटली. तटरक्षक दल येणार, आणि मी तोवर बसलेला असणार, तर काय तोंड दाखवू?

भूलवाला (लीड्स)

याचं उत्तर दहा मिनिटांतच आहे. रेडिओचं बटण दाबणं हे बोटांचं काम. बोटं जिवंत आहेत तोवर करायचं. आधी दोनदा चढून बघू, मग बोलावू असं म्हणाल तर बोलवायची वेळ येईल तेव्हा बटण दाबणार कशानं, नाकानं?

मेनाईची_मैना

शंभर टक्के. माझा नियम: एक प्रयत्न. तो फसला आणि आसपास कुणी नाही तर रेडिओचं आणीबाणीचं चॅनेल १६. मेडे, म्हणजे जीव धोक्यात, म्हणायचं नसेल तर निदान ‘पॅन-पॅन’, म्हणजे अडचणीत आहे एवढं, सांगून ठेवा, मग बसलात की रद्द करा. आजपर्यंत मला कुणी हसलेलं नाही. बोटी निघाल्या आणि काही झालंच नव्हतं, तर ते खूशच होतात. रेडिओ छातीवर हवा, डेकवर नको. कयाक गेली की डेकवरचं सगळं तिच्याबरोबर जातं.

पाणकावळा, तुमच्याकडे कयाकच्या आत चिकटवायला ते नाव-फोनचे नारिंगी स्टिकर तटरक्षक दलाची मंडळी फुकट देतात ना? लावलंय का?

पाणकावळा

लावलंय. रिकामी कयाक वाहत गेलेली दिसली की माणूस बुडाला असं धरून शोध सुरू होतो, म्हणून ते. खूपदा माणूस घरी जेवत असतो.

चहा_कमी_साखर

दोन आठवडे झाले. पाणकावळा, धागा वाऱ्यावर सोडलात का? किल्ली मिळाली?

पाणकावळा (सिअ‍ॅटल)

किल्ली मिळाली, एका अटीवर: सराव किनाऱ्यासमोर, आणि ती वाळूवर घड्याळ घेऊन बसणार. मित्र दहा मीटरवर त्याच्या कयाकमध्ये. वारा बेताचा, लाटा दीड-दोन फूट, पाणी १०.

काय काय बदललं ते लिहितो, ताईंना आणि भूलवाल्यांना हिशोब द्यायला हवा.

हातमोजे निघतानाच हातात. ३ मिलिमीटरचे. त्यांनी बोटं जाड होतात, म्हणून जिथे जिथे बकल किंवा दोरी आहे तिथे अख्खी मूठ जाईल एवढी मोठी कडी बांधली. स्कर्टच्या दोरीला पोकळ प्लॅस्टिकचा भोकांचा गोल्फचा चेंडू ओवला, तो अंधारातही सापडतो. फुगा हद्दपार, फोमचा ठोकळा आणला. दिसतो खरंच पोत्यासारखा. पंपाला दोरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात करायच्या आधी मोजे काढून हात पाण्यात पाच मिनिटं बुडवून बसलो. भूलवाल्यांनी सांगितलेली ती दहा मिनिटं आधीच अर्धी खर्च करून मग उलटलो. मित्र म्हणाला, तू वेडा आहेस. पण तलावातल्या गरम बोटांनी केलेल्या सरावाचा उपयोग किती, ते मला त्या शनिवारी कळलं होतं.

पहिल्यांदा जुन्या पद्धतीनं, डेकवर पालथं पडून. चढलो, पण उपसताना स्कर्टचं परत तेच. आता आधी मागची कड आणि दोन्ही बाजू लावतो, पुढून पंपापुरती जागा ठेवून त्यातून उपसतो, आणि ठोकळा लावलेलं वल्हं तोवर उलांडीसारखं बाजूला ठेवतो. मालवणकर, वजन ओंडक्याच्याच बाजूला!

मग ताईंची जोडीची पद्धत. पहिल्यांदा पाण्याखाली पाय आत घालताना दिशाच हरवली, वल्हं पोटाखाली अडकलं, परत बाहेर. दुसऱ्यांदा आत बसलो, वर आलो आणि आनंदानं ओरडलो तेवढ्यात दुसऱ्या बाजूला उलटलो. ठोकळा एकाच अंगाला असतो हे विसरलो होतो. तिसऱ्यांदा आलो. एक सांगायलाच हवं: धाप उतरेपर्यंत नुसतं धरून थांबणं सगळ्यात अवघड गेलं. कयाक समोर, किनारा समोर, आणि आपण काही न करता लाटेकडे पाठ करून मोजतोय, एक, दोन, तीन. मी साठपर्यंत मोजतो. ते साठ आकडे धरूनही एकूण वेळ कमी भरला.

मेनाईची_मैना

शाब्बास! आणि नुसता रोल?

पाणकावळा

दहापैकी सहा. डोकं अजून आधी वर येतं.

भूलवाला (लीड्स)

आकडे टाका हो. घड्याळ लावलं होतं म्हणालात.

पाणकावळा

आकडे तिनं पर्समधल्या कागदावर लिहिले, तो फ्रिजवर लावलाय. जसा आहे तसा उतरवतो:

मेथी, दही, ९:१०, ७:४०, जमलं नाही, जमलं नाही, ४:२०, कोथिंबीर.

कशाला_ओले_व्हा

कोथिंबिरीला चार-वीस चांगला वेळ आहे.